पुण्याचा संघ कोणाचा?

आमच्यापैकी एकाच्या पदव्युत्तर वर्गात 'समूह आणि साहित्य' या विषयावर चर्चा चालू होती. लेखक गेला तरी वाचक मागे राहतो, नियतकालिक बंद पडले तरी त्याचे अंक मागे राहतात, असा काहीसा विचार मांडून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आणि ज्याचा संघच बंद पडला, त्या चाहत्याला काय म्हणायचे?" लहानपणी तो वडिलांबरोबर बालेवाडीला फुटबॉलचे सामने पाहावयास जात असे. त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत टिपण म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

राष्ट्रीय लीगमध्ये उतरण्याची तयारी पुणे शहराने एकदा नव्हे, चारदा केली. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी स्थापन केला. दुसऱ्या श्रेणीतून रीतसर वर चढत हा संघ २००९-१० च्या हंगामात आय-लीगमध्ये आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटी जन्मास आला. फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या चमूतील डेव्हिड त्रेझेगे पहिल्या हंगामात त्याच्याकडून खेळला. त्याच वर्षी कल्याणी समूहाच्या भारत एफसीला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. पुढच्या हंगामात १९८७ सालच्या शिवाजियन्स या जुन्या क्लबचा 'डीएसके शिवाजियन्स' हा अवतार त्याच वाटेने आत आला.

या चौघांचे पुढे काय झाले? भारत एफसी एका हंगामात आटोपला. २०१५ मध्ये पुणे एफसीने राष्ट्रीय व्यासपीठ सोडले. त्याची अकादमी २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडे गेली. शिवाजियन्स दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१७-१८ मध्ये उपान्त्य फेरी गाठणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. पुढे २०२५ मध्ये हैदराबादचा तो क्लबही दिल्लीस गेला. बारा वर्षांत चार आरंभ आणि चार अखेरी!

येथे मालकवर्गाला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पिरामल समूहाने आठ वर्षे पैसा आणि श्रम खर्ची घातले, तरुण खेळाडू घडविले. शिवाय देशातील लीगची रचनाच मध्यंतरी अशी बदलत गेली की पायऱ्या चढून आलेल्या क्लबला आपली पायरी कोणती हेच कळेनासे झाले. आणि आम्ही तरी सामन्यांना किती वेळा गेलो? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच वेळा. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. चारही वेळा तयारी झाली ती प्रवेशाची, टिकण्याची नव्हे. प्रशिक्षक, परदेशी खेळाडू, बोधचिन्ह, गणवेश हे सारे होते. नव्हता तो सभासद.

भाषेच्या अंगाने पाहिले तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'फ्रँचायझी' म्हणजे मुळात एक परवाना. तो घेता येतो, विकता येतो, दुसऱ्या गावी नेता येतो. 'मंडळ' या मराठी शब्दात ती सोय नाही. मंडळ म्हटले की वर्गणी आली, सभासदांची यादी आली, वार्षिक सभा आणि तिच्यातील भांडणेही आली. कोल्हापूरचा फुटबॉल याच शब्दावर उभा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ ही नावे कुस्तीच्या तालमींची आणि पेठांची आहेत. त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते. त्या ईर्ष्येतून हुल्लडबाजीही होते, हे नाकारण्याचे कारण नाही. हे संघ राष्ट्रीय लीगच्या परिघाबाहेरच राहिले, हेही खरे. पण पाटाकडील संघ कोणी उचलून हैदराबादला नेईल, अशी कल्पना तरी करता येते काय?

असा प्रसंग अन्यत्र घडला तेव्हा काय झाले तेही पाहावे. विम्बल्डन हा लंडनचा क्लब मिल्टन कीन्स येथे हलविण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन स्थापन केला. इंग्लंडच्या नवव्या श्रेणीतून आरंभ करून २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबमधील बहुमताचा अधिकार सभासदांच्या हाती ठेवण्याचा दंडकच आहे. हे सारे आपल्याला परके वाटू नये. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून, महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून चालत आली आहे. सभासदत्वाची विद्या या शहराला शिकविण्याची गरज नाही. ती मैदानापर्यंत पोहोचली नाही, इतकेच.

तेव्हा पाचवा क्लब तयारीस लागेल, त्या वेळी आमचे मागणे एवढेच राहील की खेळाडूंच्या यादीआधी त्याने सभासदांची यादी उघडावी. क्लबच्या नावाचा, चिन्हाचा आणि स्थलांतराचा निर्णय सभासदांच्या संमतीविना होऊ नये. भांडवल मालकाचे असेल, पण नाव शहराचे आहे.

आणि एक मागणे आमच्या स्वतःकडे, म्हणजे मराठीच्या अध्यापकांकडे आहे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाली, तरी तिचे अंक ग्रंथालयात मिळतात, तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. या चार संघांच्या तिकिटांचे तुकडे, घोषणा, गॅलरीतील आठवणी कोणी जपल्या? त्या आपल्या विद्यार्थ्यांपाशी अजून आहेत. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी ओव्या गोळा करणाऱ्या आमच्या विभागांना बालेवाडीच्या पायऱ्यांवरील आरोळी हीसुद्धा समूहाची वाणी आहे, असे कधी वाटलेच नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढच्या तासाला सांगितले की संघ बंद पडल्यावर जो उरतो त्याला साक्षीदार म्हणावे, आणि साक्षीदाराचे काम साक्ष नोंदविण्याचे असते. यंदाच्या प्रकल्पासाठी त्याने हाच विषय घेतला आहे.