एक टेबल, दोन डबे

वर्गणी मागणारा जिना चढताना दिसला की घरात कुणी नसल्याचा देखावा करणाऱ्यांपैकी मी एक आहे, हे आधीच कबूल करून टाकते. गणपतीच्या अगोदरचे आठ दिवस आमच्या मजल्यावर पावले वाजू लागली की मी टीव्हीचा आवाज कमी करते आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसते. तीच मी गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, मेरीलँडमधल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावर, टेबलामागे बसून टोकदार कान लावलेल्या परक्या माणसांकडे चक्क पैसे मागत होते!

झाले असे की मी ताईकडे राहायला गेले होते. ताईचा मुलगा तिकडेच वाढलेला, सव्वीस वर्षांचा. तो 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या एका मंडळाचा चिटणीस आहे. अशा मंडळांतून स्थानिक शाखेला 'जहाज' म्हणण्याची आणि अध्यक्षाला 'कप्तान' म्हणण्याची पद्धत आहे. शनिवारी सकाळी त्याच्या जहाजावरचा एक खलाशी तापाने आडवा झाला. भाचा म्हणाला, "मावशी, तू वर्गात शंभर पोरांसमोर बोलतेस ना? मग एक दिवस टेबलावर बस." मी हो म्हटले. वर्गातली शंभर पोरे हजेरीसाठी बसलेली असतात, हे त्याला सांगायचे राहून गेले.

हा 'स्टार ट्रेक' काय प्रकार आहे, हे न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. अंतराळयानाच्या सफरींची ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकन दूरदर्शनवर सुरू झाली आणि १९६९ मध्ये, ७९ भागांनंतर, बंद पडली. खरे म्हणजे ती एक वर्ष आधीच बंद व्हायची होती. पण चाहत्यांनी पत्रांचा असा भडिमार केला की मालकांना आणखी एक वर्ष द्यावे लागले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांनी संमेलन भरवले. काही शेकडो लोक येतील असा अंदाज होता. आले तीन हजारांवर. म्हणजे नाटक उतरल्यावर तीन वर्षांनी प्रेक्षकांनी थिएटर भरले! विज्ञानकथांची संमेलने तिकडे त्याच्याही आधीची. पहिले जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कलाच झाले होते आणि त्याला जेमतेम दोनशे माणसे होती. आज यांतल्या मोठ्या मेळाव्यांना लाखभर माणूस लोटतो.

या वेडात दानधर्म कुठून शिरला, याचे मला फार कुतूहल होते. त्याचा एक धागा रॉबर्ट हाइनलाइन या कथाकारापर्यंत जातो. त्याचा रक्तगट दुर्मीळ. मोठ्या आजारात परक्यांनी दिलेल्या रक्तावर तो वाचला. १९७६ साली कॅन्सस सिटीच्या जागतिक संमेलनाला तो सन्माननीय पाहुणा होता, तेव्हा त्याने चाहत्यांपुढे रक्तदानाचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये त्याच्या नावाने रक्तदान सुरू झाले. दुसरे उदाहरण 'स्टार वॉर्स'वाल्यांचे. पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांचे सोंग घेणाऱ्यांचा 'फाइव्ह हंड्रेड फर्स्ट लीजन' हा संघ १९९७ साली निघाला. कुणी त्यांना समारंभाला बोलावले तर ते मानधन घेत नाहीत. द्यायचेच असेल तर एखाद्या धर्मादाय संस्थेला द्या म्हणतात. सिनेमात हे शिपाई खलनायकाचे, बरे का!

असो. टेबलाकडे येते. नफा न करणाऱ्या मंडळांना अशा संमेलनात बहुधा फुकट किंवा अल्प भाड्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळतात. त्यावर निळी चादर, मागे फलक, पुढे पत्रके, नावे लिहायचा कागद, गोळ्यांचे भांडे. डाव्या हाताला हिरवा पत्र्याचा डबा मंडळाच्या पैशांचा: वीस डॉलर वार्षिक वर्गणी आणि दोन डॉलरला एक बिल्ला. उजव्या हाताला काचेची मोठी बरणी गावातल्या फूड बँकेची, म्हणजे गरजू कुटुंबांना शिधा देणाऱ्या संस्थेची. बरणीशेजारी चौकटीत घालून मागच्या वर्षीची फूड बँकेची पावती. खाली बारीक अक्षरांत सूचना: मंडळ ही नोंदलेली धर्मादाय संस्था नाही, करसवलत हवी असल्यास चेक थेट फूड बँकेच्या नावे लिहावा.

बरणीत पैसे टाकणाऱ्याला एक ट्रिबल मिळे. डिसेंबर १९६७ मधल्या एका भागात हे जनावर आले: मांजराच्या पिलासारखे मऊ, ना तोंड ना शेपूट, नुसता केसाळ गोळा, आणि खायला मिळाले की वाढतच जाणारा. मंडळातल्या एका आजीबाईंनी खोट्या फरचे साठ गोळे शिवून दिले होते. मी विचारले, सरळ सोडत का नाही काढत? भाचा म्हणाला, कित्येक राज्यांत सोडत म्हणजे जुगार, त्याला परवाना लागतो, गोळे बरे.

त्याने मला तीन गोष्टी बजावल्या होत्या. दोघांनी मिळून टेबलामागे बसायचे नाही, एकाने पुढे उभे राहायचे. "सभासद होता का?" असे विचारायचे नाही, "तुमची आवडती गोष्ट कोणती?" असे विचारायचे. आणि एकाच माणसाकडे एका दमात वर्गणी आणि देणगी मागायची नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटली. जो सोबत शोधायला आला आहे, त्याच्यापुढे बरणी सरकवली की त्याला वाटते, ही मैत्री म्हणजे फासा आहे. आणि जो सहज दोन डॉलर टाकायला थांबला, त्याच्या हातात फॉर्म दिला की तो पळतो.

पहिला तास मी खुर्चीला चिकटून होते. लोक पत्रकाकडे पाहत, माझ्याकडे पाहत, गोळी उचलून चालू लागत. मग एका लहान मुलीने ट्रिबल गालाला लावून पाहिला आणि मी न कळत उठून पुढे आले. त्यानंतर जीभ सुटली. मुले आली की मी त्यांना एकेक बिल्ला देऊन टाकी. आपल्याकडे पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचे असतेच. हिशेब कोण ठेवतो?

दुपारी एक गृहस्थ आले. साठीचे, साधा इस्त्रीचा सदरा, सोंग काही नाही. पत्रक घेऊन गेले. अर्ध्या तासाने परत आले आणि पोशाख घालावाच लागतो का, असे विचारून पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी आवडता भाग विचारला. ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले की आवड बायकोची होती. ती लावायची आणि ते शेजारी बसून पेपर वाचायचे. आता ते पेपर बाजूला ठेवून पाहतात. त्यांनी फॉर्म भरला आणि पन्नासची नोट पुढे केली.

हिरव्या डब्यात सुटे नव्हते. त्यांना ताटकळत ठेवणे जिवावर आले, म्हणून मी बरणीतून तीस डॉलर काढून दिले. नंतर परत टाकू! त्यानंतर आणखी कुणाला तरी असेच दिले. एकदा उलटेही केले. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे पैसे माझ्या दृष्टीने एकच झाले होते. सगळे चांगल्याच कामाचे ना?

रात्री नऊला हॉटेलच्या खोलीत मोजदाद झाली. नेहमी दोघांनी मोजायचे, दोघांनी सह्या करायच्या. खजिनदारबाई पेशाने नर्स, दिवसाची पाळी करून आलेल्या. दोन्ही मिळून ४३७ डॉलर भरले. डब्यात सकाळी ठेवलेली मोड ४० आणि सहा नव्या सभासदांचे १२०, इतके मंडळाचे नक्की. उरले २७७. त्यांतले बिल्ल्यांचे किती? पन्नास बिल्ले आणले होते, बावीस शिल्लक होते. गेलेल्या अठ्ठावीसांपैकी विकले किती आणि मी वाटले किती, हे मला सांगता येईना.

मी पर्स उघडली. "हे छप्पन्न डॉलर घ्या, सगळे विकले असे समजा."

भाचा मराठीत म्हणाला, "मावशी, पैशांचं नाही गं. बाहेरचे लोक आम्हाला वेडे समजतात, त्याचं काही वाटत नाही. पण बरणीतले पैसे डब्यात गेले असं कुणी म्हटलं, तर उत्तर काय द्यायचं?"

माझ्या डोळ्यांपुढे आमची चाळ उभी राहिली. वडील गणेशोत्सवाचे खजिनदार असत. अनंत चतुर्दशीनंतर जिन्यापाशी जमाखर्चाचा कागद चिकटवीत, त्यात कापूर आणि सुतळीसुद्धा असे. एका वर्षी सव्वा रुपया जुळेना, तर तीन रात्री ते जेवताना बोलले नव्हते. आम्ही भावंडे हसलो होतो. या हॉटेलच्या खोलीत मला हसू येईना.

खजिनदारबाईंनी निर्णय दिला. ज्याचा पुरावा नाही ते सारे फूड बँकेचे. २७७ डॉलर लखोट्यात गेले. पत्रकांच्या छपाईचा खर्च बिल्ल्यांतून निघायचा होता, तो मंडळाच्या अंगावर पडला. माझे पैसे त्यांनी घेतले नाहीत. बाई रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. वहीत लिहिले: "बिल्ले २८, हिशेब नाही." त्याखाली मी सही केली. आजवर हजारो उत्तरपत्रिकांवर सह्या केल्या असतील. इतकी जड सही कधी झाली नव्हती.

पुण्यास परतल्यावर भाच्याचा निरोप आला. कागदावर एकतीस नावे होती, पैसे भरलेले सहा, आणि त्यांच्यातले मासिक सभेला दोघे आले. हेच प्रमाण नेहमीचे, असे तो म्हणतो. त्या दोघांत इस्त्रीच्या सदऱ्याचे गृहस्थ होते. बायकोच्या जुन्या टेप ते खोक्यातून घेऊन आले होते. पुढच्या संमेलनात टेबलावर तेच बसणार आहेत. सुट्या पैशांची काय अडचण झाली होती ते त्यांनी विचारून घेतले, आणि येताना बँकेतून एक डॉलरच्या चाळीस नोटा घेऊन येतो म्हणाले.