तासाभराचे सरदार

आमच्या मध्यमवर्गाला अलीकडे एक नवा नवस सुचला आहे. काशी झाली, बालाजी झाला, मुलांच्या कृपेने दुबईही झाली. आता 'एकदा तरी बिझनेस क्लासने जाऊन बघायचे' एवढेच काय ते राहिले आहे. लांबचा प्रवास खिशाला झेपत नाही, म्हणून हा नवस मुंबई-गोवा किंवा मुंबई-दिल्ली असल्या आखूड फेरीवर फेडला जातो. आधी विमानतळावरच्या लाउंजमध्ये पोटभर खाणे, मग पुढच्या रुंद खुर्चीत बसून काढलेला फोटो, आणि नंतर आठवडाभर नातेवाइकांत त्याचे कीर्तन! ऐन दिवाळीत कुणाच्या करंजीत खडा टाकावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण या नवसाचे कौतुक कानावर इतके आदळते आहे की, त्याविरुद्ध कुणीतरी चार शब्द बोललेच पाहिजेत.

माझा अधिकार विचाराल तर एवढाच की, मी ही दोन्ही सुखे भोगून आलो आहे. गोव्यात एका कार्यक्रमाचे बोलावणे होते आणि बोलावणाऱ्यांनी कादंबरीकाराचा मान म्हणून पुढच्या वर्गाचे तिकीट काढले होते. मॅट्रिकपुढे न शिकलेल्या चित्रकलेच्या मास्तराला असले मान वरचेवर मिळत नसतात. मी खुशाल गेलो, आणि डोळे उघडे ठेवून गेलो.

मुंबईचे दुसरे टर्मिनल २०१४ साली सुरू झाले. त्याचे खांब वर जाता जाता मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलतात आणि छत होऊन जातात. अर्धा तास मी नुसता मान वर करून उभा होतो. त्या इमारतीतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच, आणि ती पाहायला कुणाला कार्ड दाखवावे लागत नाही. लाउंजसाठी मात्र ते लागते. दारात रांग होती. चांगली वीस-पंचवीस माणसांची. गर्दीपासून सुटका मिळावी म्हणून जिथे जायचे, तिथे शिरण्यासाठीच गर्दी! एकेकाचे कार्ड यंत्राला लावून त्यातून दोन रुपये कापले जात होते आणि दोन रुपयांत पोटभर खायला मिळणार या आनंदात मंडळी पुढे सरकत होती. आत इडली, उपमा, छोले, पावाचे तुकडे, कापलेली पपई, चहाचे यंत्र. लग्नातल्या उभ्या जेवणाची तीच लगबग, फक्त अक्षता नव्हत्या. एका आजींनी दोन केक हलकेच पर्समध्ये सरकवले. त्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडे कुणाच्या घरून रिकाम्या हाताने निघायचे नसते.

पण हे दोन रुपयांचे जेवण फुकटचे नव्हे. तुमच्या जेवणाचे पैसे बँक त्या लाउंजवाल्याला मोजते आणि ते वसूल करते कार्डाच्या वर्गणीतून, थकलेल्या बाकीवरच्या व्याजातून, आणि तुम्ही जिथे जिथे क्रेडिट कार्ड पुढे करता त्या दुकानदाराकडून शेकडा ठरलेली रक्कम कापून. दुकानदार बापडा ती किमतीत मिसळतो. म्हणजे रोख पैसे मोजून साबण घेणारी बाई त्या छोल्यांची वर्गणी भरत असते. आणि तिला तर विमानतळ कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नसते!

लाउंजच्या काचेबाहेर जे सर्वांसाठी आहे, त्याची कथा निराळीच. खुर्च्यांना मध्ये लोखंडी हात, म्हणजे पाठदुखीने वाकलेल्या माणसाला आडवे होता येऊ नये. पिण्याच्या पाण्याचा नळ शौचालयाच्या वाटेवर, दृष्टीआड. चहाचे तर विचारूच नका. २०१८ साली चेन्नईच्या विमानतळावर गरम पाणी आणि चहाची पुडी यांना १३५ रुपये मागितले, तेव्हा खुद्द चिदंबरम हबकले आणि चहा न घेताच परत फिरले. तसे त्यांनी जाहीर सांगितले. देशाचा अर्थमंत्री राहिलेला माणूस जिथे हबकतो, तिथे पोरांना घेऊन पहिल्यांदा विमानात बसायला आलेल्या कारकुनाने काय करायचे? तो पिशवीतली चपाती काढून खातो आणि काचेपलीकडे बघतो.

बाहेरची गैरसोय आणि आतली सोय या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, असे माझे म्हणणे आहे. हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. झ्यूल द्युप्वी नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरने १८४९ सालीच हे लिहून ठेवले आहे. तेव्हा तिकडे तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. द्युप्वीने सांगितले की, छपराला फार पैसे पडतात म्हणून ते नसते असे समजू नका. दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा माणूस तिसऱ्यात बसू नये म्हणून ते नसते. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नसतो. तिला पैसेवाल्याला घाबरवायचे असते, आणि त्यापायी गरीब भिजतो. पावणेदोनशे वर्षे झाली. बाहेरचा चहा दहा रुपयांना मिळाला, बाहेरची खुर्ची पाठ टेकण्याजोगी झाली, तर लाउंजच्या दारात रांग लावील कोण?

आता विमानात या. पुढे आठ खुर्च्या, मग पडदा, पडद्यामागे दीडशेच्या वर माणसे. मला आधी आत घेतले. म्हणजे बाकीचे दीडशे जण सामान सांभाळत माझ्या अंगावरून गेले आणि प्रत्येकाने माझ्याकडे एकदा पाहिले. सरबत आले, ऊन रुमाल आला. विमान आकाशात जेमतेम पाऊण-एक तास असते. तेवढ्यात सुरी, काटे, काचेचा पेला असे सारे साग्रसंगीत मांडून पुन्हा उचलायचे. हवाईसुंदरी बिचाऱ्या गणपतीच्या आरतीला उशीर झाल्यासारख्या धावत होत्या. खुर्ची रुंद होती, खोटे कशाला बोलू? पाय लांब करता आले. पण ते सुख अंगी मुरेपर्यंत चाके टेकली. मागचे दीडशे जणही त्याच क्षणी गोव्यात पोचले. माझ्या पेटीला 'आधी उतरवा' अशी चिठ्ठी लावली होती. ती सर्वांच्या शेवटी आली.

वाटेत एक सात-आठ वर्षांचा मुलगा पडदा सारून पुढे आला. त्याला घाई होती आणि पुढचे स्वच्छतागृह त्याच्यापासून चार पावलांवर होते. त्याला हसतमुखाने मागे वळवण्यात आले; मागचे वीस-बावीस रांगा पलीकडे. त्याची आई दबक्या आवाजात म्हणाली, "ते आपल्यासाठी नाही, बाळा." महाडच्या चवदार तळ्याची आठवण इथे काढण्याइतका मी वाह्यात नाही. तो भेद जन्माचा होता आणि माणुसकीला काळिमा फासणारा होता. हा तिकिटाचा आहे आणि तासाभराचा आहे. परंतु 'ते आपल्यासाठी नाही' हे वाक्य मुलाने कोणत्या वयात आणि कशावरून शिकावे, याचा विचार मास्तरकी करणाऱ्या माणसाला सुटत नाही. चार पावलांवरच्या मोरीवरून शिकू नये, एवढे तरी मान्य व्हावे.

"ज्याला परवडते तो जाईल, तुमच्या पोटात का दुखते?" असे कुणी विचारील. अहो, रात्रभराचा चौदा-पंधरा तासांचा प्रवास असेल, गुडघे धरलेले असतील, पोटावर टाके असतील, तर आडवे होण्यासाठी माणसाने जरूर पैसे मोजावेत. त्याला कुणाची ना नाही. तासाभराच्या फेरीत मात्र विकायला आराम उरतच नाही. उरतो तो फक्त पडदा. दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: पुढचे आठ जण जास्त मोजतात म्हणून मागच्यांना तिकीट स्वस्त पडते. असे असते, तर इंडिगोचे दिवाळे कधीच निघायला हवे होते! २००६ साली ती सुरू झाली. सगळे विमान एकाच वर्गाचे, पडदा नाही, सरबत नाही. आणि तशीच उडत ती देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी झाली. अठरा वर्षे तिला पडद्यावाचून अडले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर तिनेही पुढे रुंद खुर्च्या मांडल्या. गरज नव्हती, गिऱ्हाईक होते. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण, नवस बोललेले.

आपल्याकडे उलटा कित्ता घालून देणारा माणूस होऊन गेला, तोही कोकणचा खासदार. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळ्या होत्या. त्यांनी पहिल्या वर्गाची गादी काढून घेतली नाही. फळ्यांवर दोन इंच फोम चढवला. लाखो माणसांच्या पाठीखाली आलेले ते दोन इंच कुणाच्या फोटोत दिसत नाहीत, पण रात्रीच्या गाडीने मुलाखतीला जाणाऱ्या पोराला त्यांनी सकाळी ताठ उभे केले आहे.

विमानतळावर असे दोन इंच चढवता येतात, याचाही पुरावा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर सरकारने एक उपाहारगृह उघडले: चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा रुपये, सामोसा वीस रुपये. आकाश कोसळले नाही. मग ते प्रत्येक विमानतळावर, आणि चार दुकाने ओलांडून कोपऱ्यात नव्हे तर दारातच, का नसावे?

पैसे कुठून आणायचे, असे विचाराल तर तेही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून विमानाच्या वरच्या वर्गांवरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. साध्या वर्गाचा ५ टक्केच राहिला. पुढच्या आठ जणांकडून जे जास्तीचे सहा टक्के येऊ लागले आहेत, ते पडद्यामागच्यांच्या खुर्च्यांवर आणि चहावर खर्च करावेत, अशी माझी सरळ मागणी आहे. आणि सुरुवात पाण्याच्या नळापासून करावी. तो कुठे आहे हे मला तिघांना विचारावे लागले. त्यातल्या दोघांनी बाटलीच्या दुकानाकडे बोट दाखवले.