तंबू येतील, खाचर सांभाळा



मे महिना सरत आला की आपल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात दोन गडबडी एकदम सुरू होतात. एक आपली. राब भाजून झालेला असतो, बांध नीट करायचे असतात, भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यातून काढायचे असते. दुसरी गडबड पाहुण्यांची. काजव्यांचा हंगाम आला म्हणून मुंबई-पुण्याच्या गाड्या शेंडी, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडीकडे वळतात आणि हिरड्या-सादड्याच्या सावलीत तंबू उभे राहतात. या दोन्ही गडबडी एकाच जागी येऊन आदळतात, आणि ती जागा म्हणजे आपले खाचर. आज त्याबद्दल बोलू.

जुलै २०२३ मधली गोष्ट. भात लावणीच्या शेतीशाळेला गेलो होतो. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या एका बाईच्या टाचेत बाटलीची काच गेली. टाके पडले आणि ऐन लावणीत त्यांचा पंधरा दिवसांचा रोज बुडाला. जूनमध्ये त्याच खाचरात पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. गाडीमागे जे पैसे मिळाले, त्याहून दवाखान्याचा खर्च जास्त झाला. जूनमध्ये मीही त्या शिवारात दोनदा जाऊन आलो होतो. बियाण्याला औषध कसे चोळायचे ते दाखवले, पण खाचरात गाड्या लावू देऊ नका, हे सांगायचे मला सुचले नाही. तेव्हा चूक माझ्याही पदरात आहे.

पुढच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, वरळीला मावशीकडे जाणे झाले. मावशीचे बिऱ्हाड बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर २० खोल्या, मध्ये लांब पॅसेज, संडास सामाईक. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने बांधलेल्या या चाळी. आता तिथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. मी गेलो त्या संध्याकाळी मावसभाऊ आणि त्याचे सात-आठ मित्र पॅसेजमध्ये बसून भंडारदऱ्याचा बेत आखत होते. कागदावर यादी होती : भाड्याचे तंबू, कोळसा, कोंबडी, स्पीकर, मोठ्या टॉर्च. मी विचारले, "गावात कोणाकडे उतरणार?"

"गावात कशाला दादा? जंगलात राहणार."

त्यांना म्हटले, अरे, तुम्ही ज्याला जंगल म्हणता ते एकतर कोणाचे तरी खाचर आहे, नाहीतर अभयारण्य. या पॅसेजमध्ये कोणी बाटली फोडली तर काय करता? "सोडणार नाय त्याला," सगळे एकदम म्हणाले. मग आमचे शिवार म्हणजे आमचा पॅसेजच समजा, म्हटले. पोरांना ते लगेच पटले. सामाईक जागा कशी राखायची हे चाळीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही, फक्त जागा सामाईक आहे एवढे सांगावे लागते.

मग तिथेच बसून बेत नव्याने आखला. दादरहून लोकलने कसारा, तिथून जीपने घोटीमार्गे शेंडी. मुक्काम एका शेतकऱ्याच्या अंगणात. पोरे आली, रात्री काजवे पाहिले, सकाळी नाचणीची भाकरी खाल्ली आणि जाताना दोन-दोन किलो काळभात विकत घेऊन गेली. स्पीकर आणला होता, पण पिशवीतून काढला नाही.

सांगायचा मुद्दा असा, की पाहुणा मुद्दाम वाईट वागायला येत नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि सांगायचे काम आपले आहे, तेही तो घरून निघण्याआधी, फोनवर. काय सांगावे?

पहिले, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि तिथे आग पेटवणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वाळल्या गवतावर एक ठिणगी पडली तर काय होते ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा चूल तुमच्या अंगणात, जंगलात नाही. वनखात्याचे त्या हंगामाचे नियमही आधी विचारून घ्यावेत.

दुसरे, काजव्याचा उजेड ही नर-मादीची एकमेकांना खूण असते. त्यात टॉर्च आणि गाडीचे दिवे पडले की ती खूण बुजते आणि जोडी जमत नाही. काजव्याची अळी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात वाढते आणि गोगलगायी खाते. म्हणजे झाडाखाली गाडी घालणारा पुढच्या वर्षीचे काजवेही तुडवत असतो.

तिसरे, पाणी. एवढा पाऊस पडणाऱ्या आपल्या पट्ट्यात मे महिन्यात बायाबापड्या हंड्यासाठी चालतात. पिण्याचे पाणी पाहुण्याने बरोबर आणावे आणि रिकाम्या बाटल्या परत न्याव्यात. धरणाच्या पाण्यात उतरू नये.

चौथे, उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. रात्री बूट तंबूच्या आत ठेवावेत, सकाळी झटकून घालावेत. फुरसे, मण्यार चावली तर मांत्रिक नको, १०८ ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय.

आता तुमच्याविषयी. बाहेरचा माणूस येतो, हंगामाची ठोक रक्कम हातावर ठेवतो आणि तंबूंसाठी जमीन मागतो. मोह होतो, मी समजू शकतो. पण कागदावर अंगठा उठवण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. आणि तंबू त्याचा असला तर जेवण त्याचे, नियम त्याचे, नफाही त्याचाच; तुमच्याकडे उरते ती काच. त्यापेक्षा चार तंबू स्वतः घ्या, नाहीतर बचत गटाने घ्यावेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. कागदपत्रांना मी मदत करीन.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की हा विषय एप्रिलच्या आतच ग्रामसभेत घ्यावा. आपली बरीच गावे पेसाखाली येतात, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. गाड्या कुठे थांबतील ती माळाची जागा ठरवा, खाचरात एकही चाक नको. वाहनामागे शुल्क घेणार असाल तर रीतसर ठराव करा, पावती द्या आणि त्या पैशातून कचरा गोळा करणाऱ्या पोरांना रोज द्या. हंगाम संपला की पहिल्या पावसाआधी सगळ्यांनी मिळून शिवारातून एक फेरी मारा. काच कोरड्यात दिसते, चिखलात दिसत नाही.

पाहुणे येणारच आणि यावेतही. फक्त जुलैत लावणीला चिखलात उतरणाऱ्या बाईने पायाखालची धास्ती न घेता उतरावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.