पंधरा आणि पन्नास यांच्या मधली पोकळी

गुरुग्राममध्ये 1990 च्या सुमारास घेतलेली स्पोर्ट्स कार जपणारा मालक आज इंजिन बदलण्याचा बेत आखतो, तेव्हा त्याची खरी अडचण तांत्रिक नसून कायद्याची असते. 15 वर्षांवरील पेट्रोल वाहनांना राजधानी परिसरात मज्जाव करणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरला. तेव्हापासून अशा वाहनांवर टांगती तलवार आहे. दुसरीकडे, केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी मिळते ती 50 वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनांनाच. इंजिनात मोठा फेरफार केला, की तो दर्जा हुकतो. म्हणजे मधली 35 वर्षे तगण्यासाठी विद्युत संच बसवावा, तर पुढे वारसा ठरण्याचा हक्कच जातो.

दिल्लीच्या हवेचा प्रश्न गंभीर आहे. धनिकांच्या हौसेसाठी पळवाट नकोच. परंतु सांगाडा न कापता, मूळ इंजिन जपून आणि त्याचा क्रमांक नोंदणीपत्रावर कायम ठेवून केलेला, पूर्ववत करता येण्याजोगा बदल नियमांनी वेगळा मानावा. वापरावर वार्षिक किलोमीटरची मर्यादा आणि नियमित तपासणी असावी. इतिहासाची साधने एकदा भंगारात गेली, की कोणत्याही अधिसूचनेने परत येत नाहीत.