उपग्रह पाहील, पण मोजणार कोण?

समुद्राच्या प्रदूषणाशी नगर जिल्ह्याचा संबंध काय, असे कुणीही सहज विचारील. ज्या जिल्ह्यातील कित्येक गावे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, त्याने किनाऱ्यावरच्या पाण्याची चिंता का वाहावी? प्रश्न रास्त वाटतो. पण तो नकाशा न पाहता विचारलेला आहे. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले ते 2024 मध्ये. नद्यांनी मात्र आपली दिशा बदललेली नाही. मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते, सीना भीमेला मिळते, आणि दोन्ही खोऱ्यांचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. उसाच्या फडात टाकलेल्या युरियातील जे नत्र पिकाने उचलले नाही, त्यातील काही हवेत उडते, काही विहिरीत झिरपते आणि उरलेले ओढ्याने नदीची वाट धरते.

या नत्राचा व स्फुरदाचा शेवट काय होतो, हे आता आकाशातून पाहता येते. 1978 मध्ये अमेरिकेने निंबस-7 या उपग्रहावर समुद्राचा रंग टिपणारे पहिले उपकरण पाठविले. भारताचा ओशनसॅट-1 1999 साली, ओशनसॅट-2 2009 साली आणि ओशनसॅट-3 नोव्हेंबर 2022 मध्ये अवकाशात गेला. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था अशा उपग्रहांच्या आधारे मासळी कोठे मिळेल याची सूचना कोळ्यांना देते आणि शेवाळाच्या उद्रेकावरही लक्ष ठेवते. हे काम मोलाचे आहे. विज्ञान म्हणजे वरच्या वर्गाची चैन, असे मानणाऱ्यांशी आमचे मुळीच जमत नाही.

परंतु उपग्रहाला नेमके काय दिसते, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याला नत्र दिसत नाही. दिसतो तो पाण्याचा रंग. त्या रंगावरून शेवाळातील हरितद्रव्य किती, याचा अंदाज बांधला जातो. किनाऱ्याजवळचे पाणी गाळाने गढूळ असते, तेथे हा अंदाज चुकण्याचा संभव मोठा. शिवाय ज्या पावसाळ्यात नदी वर्षभराचा मळ वाहून नेते, त्याच महिन्यांत ढगांचे छत या डोळ्याला झाकून टाकते. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीने आणलेल्या खतांमुळे दर उन्हाळ्यात प्राणवायूविना मृतवत् होणारा पट्टा तयार होतो. 2017 मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे 22,700 चौरस किलोमीटर होते. अमेरिकेजवळ उपग्रहांची काय वाण? तरीही हा पट्टा 1985 पासून जहाज पाठवून, पाण्यात उपकरण सोडूनच मोजतात; कारण तळाचा प्राणवायू वरून दिसत नाही.

नगरच्या नत्राला तर समुद्र गाठण्याआधी हजार किलोमीटरांहून अधिक वाट आणि अनेक धरणे पार करावी लागतात. त्यातील किती राजमहेंद्रीच्या पुढे पोहोचते, हा तज्ज्ञांचा विषय. आमच्या दृष्टीने जिल्ह्याचा पहिला सागर पैठणचा नाथसागर आहे. प्रवरासंगमाच्या खाली गोदावरी त्याच्या फुगवट्यात शिरते. त्या जलाशयासाठी नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतील गावे उठली, आणि आज छत्रपती संभाजीनगर शहर त्याचेच पाणी पिते. दक्षिणेस कर्जतच्या कडेला उजनीचा फुगवटा. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याने तेथले पाणी हिरवे कसे पडते, हे भीमाकाठच्या माणसाला सांगायला उपग्रह लागत नाही.

जायकवाडीला वरून किती पाणी सोडावे, यावर गेल्या दशकात आंदोलने झाली, समित्या बसल्या, उच्च न्यायालयापर्यंत दावे गेले. 2005 च्या कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यात पणाला लागले. हे सारे भांडण टीएमसीचे. त्या टीएमसीबरोबर काय वाहत येते, याचा हिशेब ना नगरच्या पुढाऱ्यांनी दिला, ना मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी तितक्या आवेशाने मागितला. पाण्याचा हिस्सा मागणाऱ्याला त्या पाण्याच्या शुद्धतेचाही हक्क आहे, हे आपल्या राजकारणाच्या गावीही नाही.

हा हिशेब मांडायची वेळ आली की बोट कोणाकडे दाखविले जाईल? उपग्रहाच्या चित्रात हिरवा डाग दिसतो. तो कोणाच्या नळीतून आला, हे दिसत नाही. त्यात आसवनीचे मळीमिश्रित पाणी असेल, सीनेत उतरणारे नगर शहराचे सांडपाणी असेल, किंवा दोन एकर खोडवा राखणाऱ्या शेतकऱ्याचा युरिया असेल. ज्याला वकील परवडत नाही तोच आरोपी ठरणे, ही आपल्याकडची जुनी रीत. अमेरिकेतील आयोवा राज्यात 2015 साली डे मॉइन्स शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने नायट्रेटबद्दल वरच्या भागातील शेतनिचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या जिल्हा-मंडळांवर दावा लावला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. नदी होती तशीच राहिली, शहर आणि खेडे यांच्यात मात्र वैर वाढले.

शेतकरी युरिया का ओततो, हेही विचारायला हवे. 2010 मध्ये केंद्राने स्फुरद-पालाशाच्या खतांचे अनुदान ठराविक करून त्यांचे दर चढू दिले. युरियाचा दर मात्र बांधून ठेवला. 45 किलोची गोणी कर व इतर आकार वगळून 242 रुपयांना मिळते. जे स्वस्त तेच जमिनीत जाणार. त्यावर मोकाट पाटपाणी, आणि ज्याचे बिल टनावर निघते असा ऊस. प्रवरेच्या कालव्याखालील खारवट, चोपण झालेल्या जमिनी हे याच धोरणाचे आधीचे फळ. त्याचा दंड लहान शेतकऱ्याकडून वसूल करणे हा न्याय नव्हे. पण म्हणून मोजणीलाच विरोध करावा, हे काही मित्रांचे मत आम्हाला घातक वाटते. मोजणी न झाल्याने शेतकरी सुटत नाही. सुटतो तो कारखाना आणि सुटते ती नगरपालिका. शेतकऱ्याच्या घरातील तान्हे मूल मात्र तीच विहीर पिते. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आपल्या विहिरीत ते किती, हे किती ग्रामपंचायतींना सांगता येईल?

म्हणून मागणी नेमकी हवी. साखर कारखाने आणि आसवन्यांना सांडपाण्याचे अखंड स्वयंचलित मोजमाप 2014 पासून बंधनकारक केले गेले. ते आकडे मंडळाच्या संगणकात न ठेवता कारखान्याच्या फाटकावर आणि गावच्या चावडीवर लागावेत. सभासद शेतकरी हा कारखान्याचा मालक म्हणवला जातो. वार्षिक सभेत त्याला साखर-उताऱ्याबरोबर हाही उतारा वाचून दाखवावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मुळा-प्रवरेच्या लाभक्षेत्रातील विहिरींची नायट्रेट-तपासणी गावनिहाय जाहीर करावी. माती परीक्षण व ठिबकाचे अनुदान प्रथम लहान खातेदाराच्या हाती पडावे.

आपल्या शाखांनाही काम आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात, आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. तालुक्यातील विज्ञान शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांना सोबत घेऊन नाथसागराचा फुगवटा महिनोमहिने पाहता येईल. पाऊस ओसरून ऑक्टोबरात आकाश निवळले की त्याच आठवड्यात प्रवरासंगम, टोके आणि ओढ्यांची मुखे येथे पाण्याचे नमुने घ्यावेत, आणि गाळप सुरू झाल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा घ्यावेत.