आता या वयात कशाला?

आमच्या वाडीतल्या एका आजींना, वय ८६, वर्षभर शौचातून रक्त जात होतं. घरचे म्हणाले, मूळव्याध असेल. आजीही लाजून गप्प. हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त जातंय कुठून, हे कोणी पाहिलंच नाही. शेवटी आतडं अडलं तेव्हा कळलं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर.

सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा नाही. म्हणजे विचारायचं आपणच.

ऑपरेशन प्रत्येकाला झेपेल असं नाही, मान्य. पण ते ठरवताना माणूस हिंडता-फिरता आहे का, हृदय-किडनी कशी आहे, त्याला स्वतःला काय हवंय, हे बघा ना. नुसती जन्मतारीख काय बघता? या आजी महिन्याभरापूर्वीपर्यंत स्वतः नारळ खवत होत्या हो!

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. चाकरमान्यांनो, गणपतीत याल तेव्हा आईबाबांचं कार्ड काढलंय का बघा. आणि शौचातून रक्त जातं का, हेही न लाजता विचारा.