अमेरिकेतल्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांचं वेगळं ‘रियुनियन’ का भरतं? त्यावर आता प्रश्न का उभे राहिलेत?

शुक्रवारी संध्याकाळी ओळखपाळख आणि गप्पा. शनिवारी करिअरवर चर्चासत्र, कॅम्पसची फेरी, मैदानावर जेवण आणि रात्री नाच-गाणं. रविवारी सकाळी प्रार्थना, दिवंगत मित्रांची आठवण आणि मग निरोप. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांचा वीकेंड साधारण असा असतो.

वरवर पाहिलं तर हा आपल्याकडच्या माजी विद्यार्थी मेळाव्यासारखाच कार्यक्रम. पण गेल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत विद्यापीठं, न्यायालयं आणि सरकार यांच्यात जो संघर्ष पेटला आहे, त्याची झळ अशा कार्यक्रमांनाही बसू लागली आहे. विद्यापीठानं एका वंशाच्या माजी विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम घ्यावा का, त्याचा खर्च कुणी करावा आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या शिष्यवृत्त्या कुणाला मिळाव्यात, असे प्रश्न विचारले जात आहेत.

मुळात हे वेगळं रियुनियन सुरू का झालं? आणि आता नेमकं काय बदलतंय? समजून घेऊ.

सगळ्यांचं रियुनियन असताना वेगळं कशाला?

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेली सुमारे १०० ऐतिहासिक महाविद्यालयं आणि विद्यापीठं आहेत. वॉशिंग्टनमधलं १८६७ साली स्थापन झालेलं हॉवर्ड विद्यापीठ त्यांपैकीच एक. तिथं वेगळ्या मेळाव्याची गरज पडत नाही. दरवर्षीचा ‘होमकमिंग’ हाच त्यांचा मोठा उत्सव असतो.

प्रश्न येतो तो जिथं बहुसंख्य विद्यार्थी गोरे होते आणि आहेत, अशा विद्यापीठांत. तिथलं नेहमीचं रियुनियन पदवीच्या वर्षानुसार भरतं, बहुतेक ठिकाणी दर पाच वर्षांनी एकेका बॅचचं. पण १९६० किंवा ७०च्या दशकात एका बॅचमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असायचे. त्यांचे खरे मित्र पुढच्या-मागच्या वर्षांत विखुरलेले असत. ज्या वसतिगृहाच्या किंवा क्लबच्या आठवणींत बाकीची बॅच रमते, तिथं अनेकदा त्यांना प्रवेशच नव्हता.

म्हणून या माजी विद्यार्थ्यांनी बॅचची चौकट सोडली आणि सगळ्या वर्षांचे लोक एकत्र बोलावले. सत्तरीतले निवृत्त डॉक्टर आणि नुकतीच नोकरी शोधणारी पंचविशीतली तरुणी एकाच टेबलावर बसतात, ते यामुळे.

व्हर्जिनिया विद्यापीठाचं उदाहरण

हा इतिहास नीट कळण्यासाठी शार्लट्सव्हिलमधलं व्हर्जिनिया विद्यापीठ पाहता येईल. तिथं ‘ब्लॅक अ‍ॅलम्नाय वीकेंड’ची परंपरा आहे.

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८१९ साली हे विद्यापीठ स्थापन केलं. त्याच्या इमारती उभारण्यात आणि ते चालवण्यात गुलाम कृष्णवर्णीयांची मजुरी वापरली गेली. १८६५ पर्यंत अशा सुमारे ४,००० लोकांनी तिथं काम केल्याचा अंदाज आहे. त्यांच्या स्मरणार्थ कॅम्पसवर स्मारक उभं राहायला २०२० साल उजाडलं.

शिक्षणाचा दरवाजाही सहज उघडला नाही. १९५० साली ग्रेगरी स्वॉन्सन या वकिलाला विधी शाखेत प्रवेश हवा होता. प्राध्यापकांची तयारी होती, पण विद्यापीठाच्या नियामक मंडळानं नकार दिला. स्वॉन्सन न्यायालयात गेले आणि जिंकले. मात्र तिथल्या वागणुकीमुळे वर्षभरातच त्यांनी विद्यापीठ सोडलं. १९५३ साली वॉल्टर रिडली यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. या विद्यापीठाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९५५ साली अभियांत्रिकीला तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. त्यांपैकी दोघं सोडून गेले, रॉबर्ट ब्लँड एकटे टिकले आणि १९५९ साली पदवीधर झाले.

१९८०च्या दशकात कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून एक शिष्यवृत्ती निधी उभारला आणि त्याला रिडली यांचं नाव दिलं. रियुनियनला आलेल्यांकडून अशा निधीसाठी देणग्या जमवणं हा या वीकेंडचा महत्त्वाचा भाग असतो.

रियुनियनमधून मिळतं काय?

पहिली गोष्ट म्हणजे ओळखी. अमेरिकेत इंटर्नशिप, पहिली नोकरी, शिफारसपत्र यांत माजी विद्यार्थ्यांच्या जाळ्याचा मोठा वाटा असतो. ज्यांचे आई-वडील आणि आजोबा त्याच विद्यापीठात शिकले, त्यांना हे जाळं घरातूनच मिळतं. ज्यांच्या आजोबांना त्या विद्यापीठात प्रवेशच मिळू शकत नव्हता, त्यांना ते नव्यानं विणावं लागतं.

दुसरी गोष्ट पैसा. जमलेल्या देणग्यांतून सध्याच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे साक्ष. पहिल्या पिढीतले विद्यार्थी आता ऐंशी-नव्वदीत आहेत. वर्गात कोण शेजारी बसत नव्हतं, गावात कुठल्या हॉटेलात जेवण मिळत नव्हतं, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची संधी फार वर्षं राहणार नाही. व्हर्जिनियात तर हा विषय जुनाही झालेला नाही. ११ ऑगस्ट २०१७च्या रात्री गोऱ्या वंशवाद्यांनी हातात मशाली घेऊन याच कॅम्पसवर मोर्चा काढला होता.

मग वाद कशावरून?

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात निकाल दिला. प्रवेश देताना उमेदवाराचा वंश विचारात घेण्याच्या पद्धती न्यायालयानं घटनाबाह्य ठरवल्या. निकाल प्रवेशापुरता होता, पण त्याचा अर्थ किती ताणायचा यावरून खरी लढाई सुरू झाली.

टेक्साससारख्या राज्यांनी सरकारी विद्यापीठांतले ‘डीईआय’ म्हणजे विविधता, समता आणि समावेशनाचे विभाग कायद्यानं बंद केले. टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्यानंतर ऑस्टिनच्या विद्यापीठानं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांच्या वेगळ्या पदवी सोहळ्यांना पैसे देणं थांबवलं.

डोनाल्ड ट्रम्प पुन्हा सत्तेत आल्यावर १४ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय शिक्षण खात्यानं विद्यापीठांना पत्र पाठवलं. शिष्यवृत्त्यांपासून पदवी सोहळ्यांपर्यंत कुठेही वंशाच्या आधारे भेद केला तर सरकारी निधी धोक्यात येईल, असा त्याचा सूर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशांनी हे पत्र रद्द ठरवलं. पण तोवर अनेक विद्यापीठांनी आपणहून हात आखडता घेतला होता. वसंतात हार्वर्डनं अशा गटनिहाय सोहळ्यांना निधी आणि जागा देणं बंद केलं.

व्हर्जिनियात मार्च २०२५ मध्ये नियामक मंडळानं डीईआय कार्यालय बंद करण्याचा ठराव केला. केंद्रीय न्याय खात्याचा दबाव वाढत गेला आणि जूनमध्ये अध्यक्ष जिम रायन यांनी राजीनामा जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठानं न्याय खात्याशी करार करून भेदभावविरोधी मार्गदर्शक सूचना पाळण्याचं मान्य केलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय?

विरोधकांचा मुद्दा साधा आहे. वंशावरून माणसं वेगळी करणं चूक होतं, तर ते आजही चूकच आहे. सरकारी पैशांवर चालणाऱ्या संस्थेनं एखाद्या वंशाचं नाव देऊन कार्यक्रम घेऊ नये.

समर्थक म्हणतात, पूर्वीच्या वंशभेदात दरवाजा बंद होता, इथं तो उघडा आहे. मेळाव्याचं नाव एका समाजाचं असलं तरी गोरे प्राध्यापक, मित्र, जोडीदार येऊ शकतात.

कायद्याच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा हाच आहे. कार्यक्रम सर्वांना खुला असेल तर तो केवळ नावामुळे बेकायदा ठरवणं अवघड आहे. फेब्रुवारीच्या पत्रानंतर शिक्षण खात्यानं दिलेल्या खुलाशातही, सर्वांना प्रवेश असेल तर सांस्कृतिक-ऐतिहासिक कार्यक्रमांना हरकत नसल्याचं म्हटलं होतं. शिष्यवृत्तीचं तसं नाही. तिथं पैसे कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे ठरतं. त्यामुळे पहिला घाव तिथेच बसतो.

विद्यापीठाबाहेर गेलं की प्रश्न सुटतो?

अनेक माजी विद्यार्थी संघटना विद्यापीठाचा भाग नसून स्वतंत्र संस्था असतात. त्यामुळे आपल्या पैशांतून, आपल्या जागेत कार्यक्रम घ्यायचा हा मार्ग त्यांच्यासमोर आहे. पण तोही पूर्ण सुरक्षित नाही, हे कॅलिफोर्नियात दिसलं.

सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांच्या नावाचा शिष्यवृत्ती निधी होता. १९९६ साली राज्यात मतदारांनी वंशाधारित प्राधान्यावर बंदी घातल्यानंतर तो एका खासगी प्रतिष्ठानाकडे सोपवण्यात आला. तिथं तो वर्षानुवर्षं चालला. जुलै २०२५ मध्ये त्याविरुद्ध खटला दाखल झाला, तोही १८७१च्या ‘कू क्लक्स क्लॅन’ कायद्याखाली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना क्लॅनच्या हिंसेपासून वाचवण्यासाठी केलेला कायदा कृष्णवर्णीयांसाठीच्या शिष्यवृत्तीविरुद्ध वापरला गेला. अखेर निधीचं नाव बदललं आणि तो सर्वांसाठी खुला झाला.

पुढे काय?

रियुनियन बंद पडतील अशी शक्यता कमी आहे. माणसांनी भेटायचं ठरवलं तर त्यांना कुठलंही खातं थांबवू शकत नाही. बदल होईल तो त्यांच्या स्वरूपात. विद्यापीठाचा सभागृह-खर्च, कर्मचारी आणि निमंत्रणं पाठवण्याची यंत्रणा मिळाली नाही, तर सगळा भार माजी विद्यार्थ्यांच्या खिशावर येईल. ज्यांच्याकडे मोठी आणि श्रीमंत संघटना आहे, ते निभावून नेतील. छोट्या विद्यापीठांत ते कठीण जाईल.

त्याची खरी किंमत आज शिकणारे विद्यार्थी मोजतील. व्हर्जिनिया राज्यात साधारण पाचातली एक व्यक्ती कृष्णवर्णीय आहे, पण तिथल्या या नामांकित विद्यापीठात दहातला एक विद्यार्थीही कृष्णवर्णीय नाही. अशा वर्गात बसणाऱ्या मुलीला आपल्याआधी इथं कोण टिकलं आणि कसं टिकलं, हे सांगणारी माणसं कॅम्पसवरच भेटत होती. मेळावा दूरच्या हॉटेलात, तिकीट काढून भरू लागला, तर माजी विद्यार्थी एकमेकांना भेटतील, पण तिची आणि त्यांची भेट होईलच असं नाही.